पेशंट बिघडतोय हे वेळेत कसं ओळखावं: तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर-ब्रदरसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या तीस-पन्नास खाटांच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर वॉर्डात नसतात. क्वार्टरवर असतात, नाहीतर फोनवर. दोन वाजता पेशंटजवळ असते ती सिस्टर. औषध कुठलं ते डॉक्टर ठरवतात, पण त्यांना केव्हा उठवायचं, काय सांगून उठवायचं आणि ते येईपर्यंत काय करायचं हे सिस्टरलाच ठरवावं लागतं. पुढचं सगळं त्याविषयी आहे. औषधांचे डोस दिलेत ते तयारीत राहता यावं म्हणून. द्यायचे ते डॉक्टरांच्या ऑर्डरीने किंवा दवाखान्याच्या लेखी स्टँडिंग ऑर्डरीनेच.

सुट्या आकड्यावरून काही कळत नाही. याच पेशंटचा मघाचा आकडा, आत्ताचा आकडा आणि समोरचा चेहरा असं तिन्ही एकत्र बघायचं. म्हणून ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटचा ताबा) घेताना नुसतं "खाट ४ ठीक आहे" ऐकून पुढे जाऊ नका. "ठीक म्हणजे दहा वाजता श्वास किती होता?" हे विचारा.

आधी श्वास

मशीन लावण्याआधी खाटेच्या पायथ्याशी अर्धा मिनिट उभं राहा. पेशंट पूर्ण वाक्य बोलतो की दोन शब्दांत थांबतो? कपाळावर घाम आहे का? मघाशी नातवाशी बोलणारी आजी आता भिंतीकडे तोंड करून पडली आहे का? सोबतचा माणूस "आज काहीतरी वेगळंच वाटतंय" म्हणाला तर ते लक्षण समजून नोंदवा. त्याने या माणसाला चाळीस वर्षं बघितलंय, आपण चार तास.

मग श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवा आणि नजर छातीकडे न्या. मोजताहेत हे कळलं की माणूस श्वास बदलतो. चादर जाड असेल तर पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवा. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर सहा पेशंटांचा श्वास ओळीने २० दिसला तर तो कुणी मोजलेला नाही असं धरून चाला.

श्वासाला एवढं महत्त्व का? ऑक्सिजन कमी पडो, रक्तात आम्ल साठो, जंतुसंसर्ग होवो, रक्त जावो, शरीर आधी श्वास आणि नाडी वाढवतं. रक्तवाहिन्या आवळून बी.पी. बराच वेळ धरून ठेवतं. बी.पी. पडेपर्यंत पेशंट बराच पुढे गेलेला असतो. वरचं बी.पी. नाडीपेक्षा नेहमी जास्त हवं. नाडी ११५ आणि बी.पी. ११०/७० असेल तर बी.पी. 'नॉर्मल' आहे म्हणून पुढच्या खाटेकडे जाऊ नका. एक फसगत ध्यानात ठेवा: मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही नाडी मंद करणारी औषधं चालू असलेल्याची नाडी रक्त जातानाही ८० वर थांबू शकते.

मोठ्या माणसासाठी न्यूज टू (पेशंट किती बिघडलाय ते गुणांत मोजायचा तक्ता) याचे गुण पाठ असलेले बरे. श्वास १२ ते २० असेल तर ० गुण, २१ ते २४ ला २, २५ किंवा जास्त असेल किंवा ८ किंवा कमी असेल तर ३. ऑक्सिजन ९६ पासून वर ०, ९४-९५ ला १, ९२-९३ ला २, ९१ पासून खाली ३. बाहेरून ऑक्सिजन लावलेला असला तर आणखी २. वरचं बी.पी. १०१ ते ११० असेल तर १, ९१ ते १०० ला २, ९० पासून खाली ३. नाडी ९१ ते ११० ला १, १११ ते १३० ला २, त्यावर ३. नव्याने बरळणं किंवा गुंगी आली तर सरळ ३. तापाचेही गुण असतात. बेरीज ५ झाली किंवा एकाच गोष्टीला ३ मिळाले तर डॉक्टरांना लगेच कळवा, ७ झाली तर त्यांनी खाटेशी यायलाच हवं. गरोदर बाई आणि लहान मुलांना हा तक्ता लावू नका.

मशीनही फसवतं. जाड दंडाला छोटा कफ लावला की बी.पी. खोटं वाढतं. बोट गार असलं किंवा नखाला गडद रंग असला की ऑक्सिजन चुकतो. मशीनवरची नाडी आणि हाताने मोजलेली नाडी जुळत नसेल तर तो आकडा लिहू नका. आपल्याकडे आणखी एक होतं: गुऱ्हाळावरून किंवा चहाच्या गाड्यावरून आलेल्या माणसाच्या बोटाला गूळ-साखर लागलेली असते आणि जीआरबीएस (बोट टोचून मशीनवर बघितलेली साखर) ३५० दाखवतं. बोट साबण-पाण्याने धुवा, कोरडं करा, मग टोचा. स्पिरिट ओलं असताना टोचू नका.

"पित्त झालंय" म्हणणारा पेशंट

या भागात हार्ट अटॅक बहुतेकदा "पित्त झालंय", "गॅस धरलाय", "जीव घाबरतोय" असं म्हणत येतो. कन्नड बोलणारा माणूस "एदे उरी" म्हणतो, म्हणजे छातीत जळजळ. "एदे नोवु" म्हटलं की सगळे धावतात, "एदे उरी" म्हटलं की अँटासिड मिळतं. दोन्हींना ईसीजी हवा. पेशंटचे शब्द तो बोलला तसेच केस पेपरवर लिहा, आपण लावलेला अर्थ खाली वेगळा लिहा. मराठी मावशी, कन्नड सिस्टर आणि मध्ये दुभाष्या म्हणून शाळकरी नातू असेल तर 'कळ' आणि 'जळजळ' यांतला फरक तिथेच हरवतो. वॉर्डातल्या दोन्ही भाषा येणाऱ्या मोठ्या माणसाला बोलवा.

शुगरच्या पेशंटला, बायकांना आणि वयस्कर माणसांना छातीत कळ येईलच असं नाही. दरदरून घाम, उलटी, धाप, जबड्यात किंवा दोन्ही हातांत ओढ, एकाएकी आलेला गळाठा, एवढंच असू शकतं. नाभीच्या वर कुठेही त्रास आणि सोबत घाम असेल तर दहा मिनिटांत ईसीजी. पहिला ईसीजी साफ आला म्हणून सुटका नाही. त्रास चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा. पित्तावरच्या पँटोप्राझोलच्या इंजेक्शनने बरं वाटलं याने हार्ट नाही असं सिद्ध होत नाही.

ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ चावून द्यायची, कारण गिळलेली गोळी उशिरा लागू पडते. ॲलर्जी आणि रक्तस्राव आधी विचारा. जिभेखालच्या सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) घाई मात्र करू नका. वरचं बी.पी. ९० च्या खाली असेल, गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल घेतलं असेल किंवा हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकबरोबर उजवा कप्पा सापडला असेल तर त्या एका गोळीने पेशंट कोसळतो. ईसीजीच्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये बदल दिसले की उजव्या बाजूची व्हीफोर-आर लीडही काढा. ऑक्सिजन ९० च्या खाली असेल तरच लावा.

धाप

दमा, जुना सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा आजार), हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनिया हे चौघे दारातून येतात ते एकाच चेहऱ्याने. झोपवल्यावर गुदमरतो, पाय सुजलेत, उशा वाढत गेल्यात, फेसाळ कफ येतोय, तर हार्ट बघा: ताठ बसवा, पाय खाली सोडा आणि चालू सलाईन आधी बंद करा. या पेशंटला 'अशक्तपणासाठी' एक बाटली चढवणं ही जिवावर बेतणारी चूक आहे.

सीओपीडी म्हटलं की बिडी ओढणारे काका डोळ्यांसमोर येतात. पण वीस-तीस वर्षं चुलीच्या धुरात भाकऱ्या थापलेल्या, कधी बिडी न शिवलेल्या मावशींनाही तो असतो. म्हणून "चूल किती वर्षं?" हे विचारा. सीओपीडीत ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के ठेवायचा. ९८ दिसलं की आपल्याला हायसं वाटतं, पण पेशंट पेंगायला लागतो आणि डोकं दुखतं म्हणतो: अंगात कार्बन डायऑक्साइड साठतोय. अशा वेळी ऑक्सिजन झटक्यात काढू नका. मीटर पायरीपायरीने खाली आणा, ८८ ते ९२ वर थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. नेब्युलायझर शक्यतो हवेच्या मशीनवर द्या.

दम्याच्या पेशंटची शिटी थांबली आणि श्वास ३४ वरून १८ वर आला तर आधी त्याच्याशी बोला. बोलत असेल, रंग चांगला असेल तर तो सुधारलाय. मान टाकून बसला असेल आणि स्टेथोने छातीत काहीच ऐकू येत नसेल तर तो दमून श्वास सोडायच्या बेतात आहे. चार्टवर दोघांचाही श्वास १८ च लिहिला जातो.

साखर

कुठलाही बरळणारा, गुंगीतला, घामाघूम किंवा एकाएकी भांडायला उठलेला पेशंट दिसला की आधी जीआरबीएस. लकव्याचा वाटला तरी आधी साखर बघा. कमी साखरेने एक बाजू लुळी पडलेली दिसू शकते.

७० च्या खाली आणि शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, वर आली की जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काही नाही. नातेवाईक प्रेमापोटी गुळाचं पाणी ओततात आणि ते फुफ्फुसात जातं. त्यांचा हात धरा, पण समजावून सांगा. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली किंवा ५० टक्के ५० मिली द्यायचं, दोन्हींत साखर २५ ग्रॅमच. ५० टक्क्यांचं शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून मोठी शीर, आणि आधी सलाईन ढकलून बघा.

खरी चूक पुढे होते. साखर १४० झाली, पेशंट हसला, घरी सोडला. पण तो ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असेल, त्यातून किडनी कमजोर असेल, तर साखर पुढचा सबंध दिवस पुन्हा पुन्हा खाली येते. किमान २४ तास ठेवा, सुरुवातीला दर तासाला तपासा. एकादशीला किंवा यल्लम्माच्या यात्रेला उपवास धरून गोळी नेहमीची घेतलेले पेशंट असेच येतात. वॉर्डात इन्सुलिन टोचायचं ते जेवणाचं ताट समोर आल्यावर.

उलट टोकाला, साखर ४०० च्या पुढे, पोटात दुखतंय, उलट्या आणि धावून आल्यासारखा खोल श्वास असेल तर ते पोटाचं दुखणं समजू नका. लघवीत कीटोन बघा, सलाईन सुरू होईल. इन्सुलिनच्या आधी पोटॅशियमचा रिपोर्ट मागा, ३.३ च्या खाली असताना इन्सुलिन दिलं तर पोटॅशियम आणखी घसरून हृदयाचे ठोके बिघडतात.

ताप उतरला म्हणून डेंगी संपत नाही

चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, घरचे डिस्चार्ज मागतात, आणि नेमके तेच २४ ते ४८ तास धोक्याचे असतात, कारण रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. प्लेटलेटचा आकडा सगळे विचारतात. तुम्ही वरच्या आणि खालच्या बी.पी.मधला फरक बघा. सकाळी ११०/७०, दुपारी १०४/७८, संध्याकाळी १००/८२. शंभरच्या खाली एकदाही गेलं नाही, पण फरक ४० वरून १८ वर आला. २० किंवा कमी फरक म्हणजे शॉक. हातपाय गार, पोटात सतत दुखणं, दोनपेक्षा जास्त उलट्या, गुंगी, लघवी तासाला किलोमागे अर्ध्या मिलीहून कमी: यांतलं काहीही दिसलं तर हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारी तपासणी) पाठवा आणि डॉक्टरांना बोलवा. तापाला पॅरासिटामॉलच, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नाही.

उसाच्या शेतातून येणारे दोन

साप चावलेल्याला घट्ट दोरी बांधून आणलं असेल तर ती फटकन कापू नका. शीर धरलेली, अँटीव्हेनम (सापाच्या विषाचा उतारा) काढलेलं आणि डॉक्टर उभे असले की मगच सोडा. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी खाटेशीच होते, पण काचेच्या नळीवर सगळं अवलंबून आहे. नळी नवी, कोरडी, काचेचीच हवी. साबणाने धुतलेल्या नळीत किंवा प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना अँटीव्हेनम जातं. शिरेतलं ताजं रक्त २ मिली घ्या, नळी उभी ठेवा, वीस मिनिटं हलवू नका, मग एकदाच कलती करा. पातळ वाहिलं तर डॉक्टरांना तत्क्षणी सांगा. गोठलं तरी पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, नंतर तासातासाने पुन्हा करा.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस येतो. पापण्या जड झाल्यात का, मान उशीवरून उचलता येते का, एका श्वासात किती आकडे म्हणतो, हे दर १५ मिनिटांनी बघा. मघाशी पंचवीसपर्यंत म्हणणारा आता बारावर थांबत असेल तर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि श्वासनळीत नळी टाकायचं सामान खाटेशी आणा. अँटीव्हेनमची कातडीवर टेस्ट करायची नसते. सुरू केल्यावर खाज, खोकला, उलटी, थंडी वाजणं यांपैकी काहीही आलं तर थांबवा आणि ॲड्रिनॅलिन ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत; ते सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवलेलं असावं.

दुसरा, शेतावरचं विषारी औषध प्यायलेला. इथे आधी बाटली बघा, मग पेशंट असं म्हटलं तरी चालेल. घरून बाटली आणायला सांगा, निदान लेबलचा फोटो मागवा. कीटकनाशक आणि तणनाशक यांचे उपचार वेगळे आहेत: पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर ऑक्सिजन फारच खाली गेल्याशिवाय लावू नये, कारण तो फुफ्फुसाची नासाडी वाढवतो.

ऑर्गनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) असेल तर लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंद नाडी आणि छातीत खरखर. आधी हातमोजे घाला. सगळे कपडे काढा, पिशवीत बांधा, अंग आणि केस साबणाने धुवा. नाहीतर विष कातडीतून चालूच राहतं आणि त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, पुरत नाही. ॲट्रोपिन १.८ ते ३ मिग्रॅपासून, म्हणजे ०.६ च्या तीन ते पाच अँप्युल, आणि दर पाच मिनिटांनी दुप्पट. कुठवर? छाती साफ, नाडी ८० च्या वर, वरचं बी.पी. ८० च्या वर, काख कोरडी, बाहुल्या टाचणीएवढ्या नाहीत, तोवर. यांत सगळ्यात मोलाची छाती. नाडी १२० झाली म्हणून ॲट्रोपिन थांबवायचं नाही. खरखर चालू असेल तर पेशंट स्वतःच्या स्रावातच बुडतोय. उलट छाती कोरडी आहे, पण ताप चढलाय, बडबडतोय, चादर ओढतोय, पोटाचे आवाज बंद, लघवी अडली, तर ॲट्रोपिन जास्त झालंय. त्याला 'त्रास देतोय' म्हणून बांधून ठेवू नका. डॉक्टरांना सांगून ॲट्रोपिनची ड्रिप थांबवा. सगळं स्थिर झाल्यावरही चार दिवस दर पाळीला "मान उचला बघू" म्हणा. मान उचलता येईना तर श्वासाचे स्नायू त्याच वाटेवर आहेत. आणि रात्री एकटं सोडू नका; माणूस का प्यायला हे दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारणारं कुणीतरी हवं.

बाळंतीण

पहिल्या दोन तासांत दर १५ मिनिटांनी पोटावर हात. गर्भाशय कपाळासारखं कडक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर चोळा, मूत्राशय रिकामं करा (भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आवळू देत नाही), गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन तयार ठेवा. कडक आहे तरी लाल रक्त वाहतंय, तर कुठेतरी फाटलंय. चोळत बसू नका. रक्त नजरेने नेहमी कमी वाटतं, म्हणून पॅड तोला: जास्तीचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली. ५०० मिलीची वाट न बघता, ३०० मिली आणि नाडी वाढलेली असेल तेव्हाच हाक मारा. रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून १० मिनिटांत, प्रसूतीनंतर तीन तासांच्या आतच.

मॅग्नेशियम (बी.पी. वाढून फिट येऊ नये म्हणून देतात ते) चालू असेल तर पुढचा डोस देण्याआधी हे तिन्ही बघा: गुडघ्याचा झटका (ठोकल्यावर पाय उडणं), श्वास १६ किंवा जास्त आणि लघवी तासाला ३० मिली. यांतलं एक जरी नसेल तर डोस नाही, आणि १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, म्हणजे मॅग्नेशियमचा उतारा, हाताशी.

फोन

"सर, पेशंटला बरं नाही, या जरा" असं ऐकून झोपेतला माणूस "सलाईन लावा" म्हणतो. असं सांगा:

"सर, महिला वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. खाट ४, वय ६२, शुगरच्या पेशंट, संध्याकाळी सहाला उलटी आणि पित्त म्हणून ॲडमिट. दहा वाजता नाडी ८८, बी.पी. १३०/८०, श्वास १८. आता पावणेदोनला नाडी ११२, बी.पी. १००/७०, श्वास २६, ऑक्सिजन ९३. दरदरून घाम आहे. जीआरबीएस २१०. न्यूज टू दहाला शून्य होता, आता ९ आहे. ईसीजी काढून व्हॉट्सॲपवर पाठवलाय. मला हार्टचं वाटतंय. तुम्ही आत्ता यायला हवं. ॲस्पिरिन ३०० चावायला देऊ का?"

आपल्याला काय वाटतं ते बोला. चुकलं तर चुकलं. डॉक्टर खाटेशी आल्यावर ते दुरुस्त होतं. फोनवरची ऑर्डर मोठ्याने परत म्हणून दाखवा आणि वेळेसकट लिहा. डॉक्टर येत नसतील आणि पेशंट घसरतच असेल तर दहा मिनिटांनी पुन्हा फोन, मग त्यांच्या वरच्यांना. याला उद्धटपणा कुणी म्हणत असेल तर म्हणू दे.

पाठवायचं ठरलं तर १०८ ला फोन केल्याबरोबर दुसरी कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) धरा. धावत्या गाडीत, जांबोटीच्या वळणांवर शीर सापडत नाही. जिथे पाठवताय तिथे फोन करून खाट आहे का विचारा, मग ते बेळगाव असो, मिरज असो की कोल्हापूर. ऑक्सिजनचा हिशेब गाडी हलण्याआधी: भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात. मिनिटाला १० लिटर लागत असतील तर १५० मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर ७५. गाडी अडकण्याचा वेळ धरून, प्रवासाला लागेल त्याच्या दुप्पट हवा.

नोंद करताना "बी.पी. कमी, डॉक्टरांना कळवले" एवढ्यावर थांबू नका. काय दिसलं, काय वाटलं, काय केलं, त्यानंतर काय झालं आणि पुन्हा कधी बघणार हे लिहा. "२.१० वा. नाडी १०४, घाम कमी, त्रास निम्मा म्हणतात, २.२५ ला परत ईसीजी." सकाळची सिस्टर ओव्हर घेईल ती इथून पुढे.